हायवे अकरावरचा काटा

ओडेत काट्यावर बसते.
म्हणजे काट्याच्या खोपटात, खिडकीपाशी,
हीटर पायाशी, थर्मासमध्ये काळा चहा.
आम्ही लाकूड भरून ट्रक आणतो,
ती काचेआडून हात वर करते: थांब.
भरला ट्रक, मग रिकामा ट्रक,
वजाबाकी कागदावर, पेन्सिलीनं.
एकोणीस वर्षांत तिची वजाबाकी चुकलेली नाही.

दवाखान्यातला काटा मात्र तिच्याआधीच संपतो.
एकशे ऐंशीला सुई अडते, थरथरते,
आणि नर्स पोरगी (दर सहा महिन्यांनी नवी)
खिडकीबाहेर बघू लागते.
ऑपरेशनच्या फॉर्मवर रकाना आहे:
अचूक वजन. अंदाज चालणार नाही.

तिची मामेबहीण सोलांज टोरांटोला असते.
तिला अकरा महिन्यांत टेबल मिळालं.
आहारतज्ज्ञ दोन स्टॉपवर,
मन तपासणारी बाई त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर.
सोलांज वाईट नाही. रविवारी फोन करते,
तिला ढगळ झालेले कोट पाठवते,
जे ओडेतला अजून होत नाहीत.

ओडेतला तेच दार साडेनऊशे किलोमीटरवर.
सहा भेटी. दर भेटीला तीन दिवसांचा पगार बुडीत,
बसमध्ये दोन सीटांचं भाडं,
आणि तिसऱ्या भेटीला कोक्रेनच्या अलीकडे
रस्ताच बंद, बस उभी, रात्रभर.
पत्र आलं: रुग्ण गैरहजर.
बर्फाला त्यात रकाना नव्हता.
तीन वर्षं झाली,
ती पुन्हा रांगेच्या शेपटाला, पहिल्या फॉर्मपासून.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, गिरणी बंद असताना,
तिचा फोन आला.
'रेजाँ, ये. आकडा वाचायला कुणीतरी लागेल.
येताना साखर आण. एकेक किलोच्या सहा पिशव्या,
आणि एक अर्ध्याची.'
मी कशाला म्हणून विचारलं नाही.

उणे एकतीस.
बर्फ झाडून काटा शून्यावर आणला.
ऐंशी टनांचा तो लोखंडी पूल
आणि मधोमध ती, लाल टोपीत,
जणू कुठल्यातरी ट्रकनं
तिला उतरवलं आणि विसरून गेला.

'१८०,' मी खोपटातून ओरडलो.
ट्रकांचा काटा वीस-वीसनीच चढतो,
दहाच्या आतलं सगळं शून्य धरतो.
मला वाटलं, संपलं. घरी जाऊ.
तिनं हात पुढे केला: साखर.

एक पिशवी. १८०.
दोन. तीन. तिच्या कवेत पांढरी चळत.
चार. पाच. १८०.
सहावी ठेवली
आणि आकडा उडी मारून २००.
'सहावी काढ. अर्धी दे.'
२००.
'अर्धी काढ.'
१८०.
ती हसली. मी तिला त्या पुलावर
कधी हसताना पाहिलं नव्हतं.
'एकशे नव्वदला उडी. त्यातून साडेपाच वजा.
एकशे साडेचौऱ्याऐंशी,
किंवा त्याहून कणभर जास्त. लिही.'

मी लिहिलं, ट्रकच्याच पावतीवर.
माल: या रकान्यात काय भरावं कळेना,
तिनंच कागद ओढून नाव घातलं.
वजन करणाराची सही: ओडेत.
वर गिरणीचा शिक्का,
दरवर्षी सरकारी माणूस येऊन तपासून जातो, तो काटा.

आमचं लाकूड इथून वजनावर जातं,
टनाटनानं, दक्षिणेकडे.
गावाचं वजन मात्र तिकडे पोचत नाही.
कुणाच्या शब्दाला किती, हे ठरवणारा काटा
आम्ही कुणी पाहिलेला नाही,
पण तोही वीस-वीसनीच चढत असावा.

साखर अजून माझ्या फडताळात आहे.

पाकीट चिकटवायच्या आधी
तिनं ते तळहातावर तोललं,
सवयीनं, डोळे बारीक करून.
'किती?' मी विचारलं.
'दहाच्या आत,' म्हणाली,
आणि तिकीट चिकटवलं.